नगर, संभाजीनगर आणि ‘रिप्लेस ऑल’

‘छत्रपती संभाजीनगर या शहराचे पूर्वीचे नाव कोणते?’ खाली चार पर्याय : छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर, जालना. उत्तरसूचीप्रमाणे बरोबर पर्याय पहिला.

स्पर्धा परीक्षांच्या एका जाडजूड गाईडच्या प्रुफात हे पान होतं. संपादक मॅडमनी त्यावर लाल पेनाची खूणही केली नव्हती, नुसता कोपरा दुमडून ठेवला होता. “दादा, आधी हे वाचा, मग बोलू,” एवढंच म्हणाल्या. पुढच्याच पानावर ‘छत्रपती संभाजीअहिल्यानगर जिल्हा’ होता, आणि त्याच्या खालच्या तक्त्यात ‘अहिल्याअहिल्यानगर जिल्हा’. एका ठिकाणी तर ‘छत्रपती छत्रपती संभाजीनगर’.

मी त्या प्रकाशनाचा नोकर नाही. जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येतील अशा रूपात, आणणं, वर्डच्या मोठ्या फायलींची साफसफाई, शब्दसूची लावून देणं अशी कामं मी पुण्यातल्या प्रकाशकांसाठी बाहेरून करतो. त्यामुळे झालं काय असेल ते पान बघताच कळलं. फेब्रुवारी 2023 मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबादच्या नामांतराला केंद्राची मंजुरी मिळाली, त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्हा आणि विभागाचीही नावं बदलली, 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. दर आवृत्तीला कुणीतरी हाताने थोडं बदलायचं, थोडं राहायचं. या वेळी ऑफिसातल्या ऑपरेटरने वर्डच्या ‘रिप्लेस ऑल’ने, म्हणजे फाईलभर एकदम बदल करणाऱ्या बटणाने, एका दमात सगळं उरकायचं ठरवलं. आधी औरंगाबादचं ‘संभाजीनगर’ केलं, मग उस्मानाबाद आणि अहमदनगर बदललं. मग त्याच्या लक्षात आलं की मजकुरात बऱ्याच जागी नुसतंच ‘नगर जिल्हा’ लिहिलंय, म्हणून तेही ‘अहिल्यानगर जिल्हा’ केलं. ‘संभाजीनगर जिल्हा’ याच्या पोटातही ‘नगर जिल्हा’ आहे, हे संगणकाला दिसतं. माणसाला पटकन दिसत नाही. शेवटी कुठे नुसतं ‘संभाजीनगर’ राहायला नको म्हणून त्यामागे ‘छत्रपती’ लावण्याचा हुकूम सोडला, तो आधीच छत्रपती असलेल्यांनाही लागू झाला.

पोरगा बिचारा एका कोपऱ्यात बसून होता. मी त्याला एवढंच विचारलं, “बदल करायच्या आधीच्या फायली आहेत ना?” होत्या. मग काळजीचं कारण नव्हतं. बिघडलेल्या फायली दुरुस्त करायच्या भानगडीत पडायचंच नाही, हा माझा नियम. जुन्या फायली घेऊन नव्याने सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पुस्तकाचे पहिले फॉर्म (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचे गट) छापायला जायचे होते, म्हणजे हातात तो एक दिवस होता.

मॅडमनी एक्सेलमध्ये यादी करून ठेवली होती : एका रकान्यात जुनं नाव, शेजारी नवं. बहुतेक जण अशी यादी आली की थेट मॅक्रो, म्हणजे वर्डकडून आपोआप काम करून घेणारा छोटा प्रोग्राम, लिहायला बसतात. मी आधी यादीच तपासतो. तिसऱ्या रकान्यात अक्षरांची लांबी मोजणारं सूत्र टाकलं, तर ‘उस्मानाबाद’ दोन ओळींत दोन वेगवेगळ्या लांबीचं निघालं. एकाच्या शेवटी स्पेस चिकटलेली. अशी स्पेस असली की ‘उस्मानाबाद येथे’ सापडतं, पण ‘उस्मानाबादला’ सापडत नाही, आणि आपण समजतो काम झालं. वेबपानावरून कॉपी केलेल्या नावांत तर कधी कधी न तुटणारी (जिच्यापाशी ओळ मोडत नाही अशी) स्पेस असते, ती जादा स्पेस काढणाऱ्या एक्सेलच्या ट्रिमलाही दाद देत नाही. तिला वेगळं शोधून काढावं लागतं.

यादी एक्सेलमध्येच ठेवावी लागते याला आणखी एक कारण आहे. मॅक्रो जिथे लिहितात त्या वर्डच्या व्हीबीए खिडकीत तुम्ही ‘औरंगाबाद’ टाइप केलं की ते ‘?????’ होतं. ती खिडकी युनिकोडच्या आधीच्या जमान्यातली, देवनागरी तिला माहीतच नाही. म्हणून मॅक्रोत मराठीचं एक अक्षरही लिहायचं नाही. मॅक्रोने एक्सेल उघडायचं, पेशीतला शब्द उचलायचा आणि वर्डला द्यायचा. शब्द मधल्या मधे नीट जातो. हीच यादी साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या मजकुराच्या फाईलमध्ये) साठवली तर तिथेही प्रश्नचिन्हं. साठवताना यूटीएफ-8 वाला, म्हणजे युनिकोडचा, पर्याय निवडावा लागतो.

खरी गंमत पुढे आहे. इंग्रजीत ‘पूर्ण शब्द शोधा’ अशी खूण केली की बरंच काम भागतं. मराठीत शब्द एकटा येतो कधी? औरंगाबादला, औरंगाबादच्या, औरंगाबादहून, औरंगाबादमधील, औरंगाबादेत, औरंगाबादकर. पूर्ण शब्द म्हटलं तर यातलं एकही सापडणार नाही, अर्धा शब्द म्हटलं तर नको ते सापडणार. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरणाऱ्यांनीही हुरळून जाऊ नये; शब्दांचे नमुने शोधणाऱ्या तिच्या नेहमीच्या रेगेक्सला काना-मात्रा-वेलांट्या अक्षरं वाटतच नाहीत, तो शब्दाच्या मधोमधच शब्द संपला असं समजतो.

बहुतेक प्रत्यय निमूटपणे पुढच्या नावाला चिकटतात. संभाजीनगरला, धाराशिवच्या, कुठे अडत नाही. अडतं ते ‘औरंगाबादेत’ आणि ‘उस्मानाबादेत’ इथे. नुसतं नाव बदललं तर ‘छत्रपती संभाजीनगरेत’ आणि ‘धाराशिवेत’ तयार होतं. म्हणून या रूपांना यादीत स्वतंत्र ओळी दिल्या. ओळी लांबीप्रमाणे लावल्या, सगळ्यात लांब रूप सगळ्यात वर. ‘औरंगाबादेतील’ आधी, मग ‘औरंगाबादेत’, मग ‘औरंगाबाद’. एवढ्या एका क्रमाने निम्मे घोळ टळतात.

उरलेले निम्मे टाळायला मी बदल दोन टप्प्यांत करतो. पहिल्या टप्प्यात जुन्या नावाच्या जागी नवं नाव येतच नाही, यादीतल्या ओळीचा क्रमांक येतो, खुणेच्या चिन्हांत अडकवलेला : @@014@@. सगळी यादी संपली की दुसऱ्या टप्प्यात क्रमांकांच्या जागी नवी नावं. मधल्या काळात फाईलमध्ये संभाजीनगर नावाचं काही नव्याने आलेलंच नसतं, त्यामुळे ‘नगर जिल्हा’ त्याला जाऊन चावत नाही. मूळ मजकुरात आधीपासून बरोबर लिहिलेलं ‘छत्रपती संभाजीनगर’ असतं, त्यालाही सुरुवातीलाच क्रमांक देऊन कुलूप लावायचं आणि शेवटी जसंच्या तसं परत ठेवायचं.

या कुलपांची यादी करायला बसलो तेव्हा मॅडम खुर्ची ओढून शेजारी येऊन बसल्या. मूळच्या भूगोलाच्या शिक्षिका. “उस्मानाबादी शेळी,” त्या लगेच म्हणाल्या. “जातीचं नाव आहे ते. धाराशिवी शेळी केलीत तर पशुसंवर्धनवाले घरी येतील.” मग बिहारमधलं औरंगाबाद. मग जुन्या खटल्यांच्या मथळ्यांतलं औरंगाबाद खंडपीठ. मग संदर्भग्रंथांत प्रकाशनस्थळ म्हणून आलेलं औरंगाबाद; पुस्तकावर जे छापलंय तेच राहणार. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आयोगाने छापल्या तशाच ठेवायच्या, म्हणून ती अख्खी प्रकरणं मॅक्रोच्या फोल्डरमधून बाहेरच काढली. नुसत्या ‘नगर’चं काय करायचं यावर आम्ही विचार करत होतो, तेवढ्यात कोपऱ्यातला पोरगा म्हणाला, “मॅडम, दादरा आणि नगर हवेली!” तिथून त्याची गाडी सुटली : नगरपालिका, नगरविकास, उल्हासनगर, गांधीनगर, श्रीनगर. नुसतं ‘नगर’ आपोआप बदलायचं नाही, फक्त शोधून दाखवायचं, असं ठरलं. ‘नगर–मनमाड रस्ता’सारखी ठिकाणं त्यानेच हाताने बघितली.

पहिल्या फेरीत मॅक्रो काहीच बदलत नाही. प्रत्येक फाईल उघडतो, शब्द सापडला की फाईलचं नाव, पान, आणि शब्दाच्या मागचा-पुढचा थोडा मजकूर एक्सेलच्या नव्या पानावर उतरवतो. शेवटी एक रिकामा रकाना. तिथे मॅडमनी ‘नको’ लिहिलं की दुसऱ्या फेरीत ती जागा वगळली जाते. वर्डच्या फायली चाळत बसण्यापेक्षा एकाखाली एक आलेली वाक्यं वाचणं कितीतरी सोपं, आणि नजर शिकवलेली असेल तर वेगही येतो. मॅडम भराभर खाली सरकत होत्या. ‘औरंगाबाद जिल्ह्यातील अजिंठा आणि वेरूळ लेण्यांचा 1983 मध्ये युनेस्कोच्या यादीत समावेश’, बदला. ‘क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा अहमदनगर, 17,048 चौ. किमी’, बदला. ‘चांदबीबीने अहमदनगरचा किल्ला लढवला’, नको. ‘1636 मध्ये अहमदनगरची निजामशाही संपली’, नको. निजामशाही काही अहिल्यानगरची नव्हती.

मग त्या एका ओळीवर थांबल्या : ‘16 ऑगस्ट 1982 रोजी उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला.’ इतिहासाच्या प्रकरणात त्या काळचं नाव, भूगोलाच्या प्रकरणात आजचं, असा त्यांनी स्वतःपुरता नियम केला होता. हे वाक्य भूगोलात होतं आणि घटना जुनी होती. “परीक्षेला मूल काय लिहील?” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “पेपरात धाराशिवपासून लातूर झाला असं आलं तर?” मी सुचवलं, पहिल्यांदा येईल तिथे दोन्ही नावं द्या. त्यांनी ‘नको’च्या शेजारी आणखी एक रकाना उघडला आणि तिथे स्वतःच्या हाताने लिहिलं : ‘तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव)’. जालन्याचंही तसंच, 1981 चं. मराठवाडा विद्यापीठाच्या 1994 च्या नामविस्ताराच्या ओळीलाही तेच. मॅक्रोत मला दोन ओळी वाढवाव्या लागल्या : हा नवा रकाना भरलेला असेल तर यादीतलं नवं नाव सोडून त्यातलं घे. मशीनच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट. पण असल्या जागा आधीच्या झटपट बदलात सगळ्यांत सफाईने चुकल्या होत्या, आणि वाचणाऱ्याला चूक दिसलीही नसती.

सुरुवातीचा तो प्रश्नही याच यादीत होता. त्याच्या जुन्या नावांच्या तिन्ही पर्यायांसमोर मॅडमनी ‘नको’ लिहिलं, तेव्हा कुठे पहिल्यांदा हसल्या.

दुसरी फेरी चहा येईपर्यंत संपली. यात सांगण्यासारखं एवढंच की मॅक्रोतून वर्डला ‘दस्तऐवजात शोध’ म्हटलं तरी तो मुख्य मजकुरातच शोधतो. पानांवरचे मथळे, तळटीपा, चौकटीतला मजकूर या त्याच्या लेखी वेगळ्या खोल्या आहेत आणि मॅक्रोला प्रत्येक खोलीचं दार स्वतंत्र ठोठवावं लागतं. पानावरच्या मथळ्यात ‘औरंगाबाद विभाग’ आणि खालच्या मजकुरात ‘छत्रपती संभाजीनगर विभाग’ अशी पुस्तकं मी बाजारात पाहिली आहेत. ओळीच्या शेवटी कुणीतरी हाताने हायफन देऊन तोडलेली ‘औरंगा-बाद’ही काही निघाली. ती शोधायला यादीत नुसतं ‘औरंगा’ टाकून पाहिलं.

त्यानंतरचं काम मॅक्रोच्या हाती नव्हतं. पाच अक्षरांच्या जागी दोन लांब शब्द आले की तक्त्यांचे रकाने फुगतात. आठ जिल्ह्यांच्या विभागाचा तक्ता पानाबाहेर गेला, मजकूर पुढे सरकला, उत्तरसूचीतले पानांचे आकडे हलले. ते पोराने आणि मी वाटून घेतलं. शब्दसूचीत ‘औरंगाबाद’ औ खाली होतं. नाव बदललं तरी ते औ खालीच बसून राहिलं होतं, त्याला छ मध्ये हलवलं. ‘उस्मानाबाद’ उ मधून उठून ध मध्ये गेलं. अहमदनगर अ मध्येच राहिलं. नकाशे चित्रांच्या रूपात होते, त्यांतलं अक्षर कुठल्याच मॅक्रोला दिसत नाही. मॅडमनी ते चित्रकाराकडे पाठवले. 1 मे 1960 चा 26 जिल्ह्यांचा नकाशा मात्र त्यांनी बाजूला काढला. त्याच्यावरची नावं तशीच राहिली.

रात्री फायली छापखान्याकडे गेल्या. यादीचं एक्सेल मी मॅडमकडेच ठेवलं, कुलपांच्या पानासकट. पुढे सांगलीतल्या इस्लामपूरचं ईश्वरपूर झालं, तेव्हा त्यांनी मला फोनही केला नाही. नुसती ती फाईल पाठवली, एका नव्या ओळीसह. कुलपांच्या पानावर तिच्यासमोर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं : ‘पश्चिम बंगालमधले सोडून’.