स्वस्त मिनी पीसीचा शोध: चिप नव्हे, खोका निवडला

मागच्या नोंदीत यादी तीन पर्यायांवर आणून थांबले होते: इंटेलची एन१०० चिप असलेला नवा डबा, एएमडीची रायझन चिप असलेला नवा डबा आणि कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेला एक लिटरचा जुना पीसी. आता निर्णय झालाय, मशीन टेबलावर आहे आणि पहिली झाडाझडतीही उरकली आहे. निकाल आधीच सांगते, जुना घेतला. पण तो का घेतला हे जास्त महत्त्वाचं. तुमची कामं माझ्यापेक्षा वेगळी असतील तर तुमचा निकाल सरळ उलटा लागेल.

माझी कामं दोन. घरातल्यांसाठी एक साधा डेस्कटॉप, म्हणजे ब्राउझर, कागदपत्रं, व्हिडिओ कॉल. आणि त्याच मशीनवर पाठीमागे चोवीस तास चालणाऱ्या दोनचार सेवा: फोटोंसाठी इमिच, जाहिराती अडवायला पाय-होल, पुढे जमलं तर घरातली स्मार्ट उपकरणं चालवायला होम असिस्टंट. गेमिंग नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही. ही दोन कामं एका मशीनवर ठेवू नयेत असं जाणकार सांगतात, आणि ते बरोबरच आहे. डेस्कटॉपवर बसलेल्या कोणीतरी रीस्टार्ट मारला की पाय-होल बंद, वेबसाइटचे पत्ते शोधायला घरातली सगळी उपकरणं त्यालाच विचारतात, आणि मग घरभर "नेट गेलं" अशी ओरड. पण बजेट एकाच मशीनचं होतं, त्यामुळे ओरड गृहीत धरली आहे.

आधी एन१०० बद्दल, कारण स्वस्त मिनी पीसी म्हटलं की पहिलं नाव त्याचंच येतं. २०२३ च्या सुरुवातीला आलेली इंटेलची ही चिप. चार कोअर, चारही छोटे म्हणजे ई-कोअर, कमाल वेग ३.४ गिगाहर्ट्झ, कागदावर ६ वॉट. तिची खरी ताकद व्हिडिओत आहे. एव्ही१ या नव्या फॉरमॅटमधला व्हिडिओ ती हार्डवेअरमध्येच डिकोड करते (कोअरवर भार न टाकता उलगडते), त्यामुळे टीव्हीमागे लावायचा डबा हवा असेल तर इथेच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही. एन१५० ही जवळपास तीच चिप, थोडा वेग वाढवलेली. एन९५ मध्ये मात्र ग्राफिक्सची युनिट्स २४ ऐवजी १६ आहेत आणि वॉट १५. नावातला आकडा लहान म्हणून वीज कमी खाईल असं समजू नका, उलटं आहे.

पण या चिपची माहिती जितकी वाचत गेले तितकं एक लक्षात येत गेलं. एन१०० म्हणून विकले जाणारे डबे एकसारखे नसतातच. तो ६ वॉटचा आकडा म्हणजे देवाज्ञा नाही. सतत किती वॉट खाऊ द्यायचे हे डबा बनवणारा बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळाशी असलेल्या सेटिंगमध्ये, ठरवतो. एकाने खरोखर ६ वर बांधलेलं असतं, दुसऱ्याने मोकळं सोडून १५ च्या पुढे जाऊ दिलेलं असतं. पहिला थंड आणि संथ, दुसरा चपळ, पण पंखा आणि हीटसिंक बेताचा असेल तर तापून पुन्हा संथ. चिप तीच, मशीन दोन.

रॅमचंही तसंच. एन१०० ला मेमरीचा एकच चॅनेल आहे, त्यामुळे डब्यात रॅमचा स्लॉट एकच असतो. काही डब्यांत तोही नाही, रॅम बोर्डावरच डकवलेली. ८ जीबी डकवलेला डबा घेतला की तो शेवटपर्यंत ८ जीबीचाच. इंटेल अधिकृतपणे १६ जीबीपर्यंत म्हणते. ३२ ची एकच पट्टी टाकून सुखाने चालवणारेही पुष्कळ आहेत, पण तो ज्याचा त्याचा धीर. एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या एसएसडीची जागा) दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. तो वेगवान एनव्हीएमई आहे की फक्त जुना, संथ साटा, आणि एनव्हीएमई असेल तर पीसीआयईच्या किती लेन, म्हणजे चिपपर्यंतच्या माहितीच्या वाटा, जोडल्यात, हे तपशिलात बघावं लागतं. चिपकडे एकूण ९ लेन, त्यात नेटवर्क, वायफाय, स्टोरेज सगळ्यांचे वाटे. अर्थात एकाच लेनवरचा एनव्हीएमईसुद्धा सेकंदाला हजार एमबीच्या जवळ जातो, आणि गिगाबिट नेटवर्कमधून सव्वाशेच्या वर काही येत नाही. फोटो साठवायला ही अडचण नाही. अडचण ईएमएमसीची, म्हणजे बोर्डावरच डकवलेल्या संथ साठवणीची. "१२८ जीबी स्टोरेज" एवढंच लिहून पुढे गप्प बसलेली जाहिरात असेल तर तिथे ईएमएमसी असण्याची दाट शंका घ्या.

आणखी एक सापळा म्हणजे जे४१२५. २०१९ ची सेलेरॉन चिप, अजून नव्या डब्यांत घालून विकतात. साध्या ब्राउझिंगला चालेल, पण तिच्यात एव्हीएक्स हा प्रोसेसरच्या सूचनांचा संच नाही. मोंगोडीबी हा डेटाबेस ५.० पासून पुढे एव्हीएक्स मागतो, त्यामुळे मोंगोडीबीवर उभ्या असलेल्या सेवा तिथे सुरूच होत नाहीत. घरगुती सर्व्हरचा विचार असेल तर नकोच.

रायझनवर फार वेळ घालवला नाही. ताकद भरपूर, पण माझ्या कामाला ती लागणार नव्हती. ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी एवढंच: नावांवर विश्वास ठेवू नका. ५५००यू आणि ५७००यू झेन २ या जुन्या रचनेच्या आहेत, तर ५६००यू आणि ५८००यू त्यानंतरच्या झेन ३ च्या. म्हणजे ५७०० हा ५६०० पेक्षा नवा वाटतो आणि घराणं जुनं निघतं. ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा बघायचा: ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, ७४३०यू मधला ३ म्हणजे झेन ३. हे ज्यांनी ठरवलं त्यांना ग्राहक गोंधळावा असंच वाटत असावं, असा माझा संशय आहे.

आता जुना पर्याय. लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी ही तीन घराणी. आकारमान साधारण एक लिटर. मोठी ऑफिसं काही वर्षांनी एकगठ्ठा मशीन बदलतात आणि मग ही बाजारात येतात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, त्यामुळे सहावी-सातवी पिढी जवळपास भंगाराच्या भावात गेली. लिनक्सवाल्यांची चांदी, पण डोळे उघडे ठेवून. सहाव्या पिढीत १० बिट एचईव्हीसी या व्हिडिओ फॉरमॅटचं पूर्ण हार्डवेअर डिकोड नाही, सातव्यात आहे. आय५ मध्ये दोन्हींत चारच कोअर. आठव्या पिढीत सहा झाले. मी आठवीच्या खाली गेले नाही ते या सहा कोअरसाठी.

घेतलेल्या मशीनमध्ये आय५-८५००टी आहे. ६ कोअर, ६ थ्रेड, २.१ ते ३.५ गिगाहर्ट्झ, ३५ वॉट. शेवटचा "टी" बघून घ्या. तो नसेल तर बहुधा ६५ वॉटवाली चिप, आणि मग एवढ्याशा खोक्यात पंख्याचा आवाज वाढतो. एव्ही१ चं हार्डवेअर डिकोड हिच्यात नाही. १०८० पी पर्यंत कोअर ते ओढून नेतात, ४के ला घाम फुटतो. मी ही उणीव पत्करली, कारण हे मशीन टीव्हीला लागणार नाही.

त्या बदल्यात काय मिळालं? मिळाला खोका. रॅमचे दोन स्लॉट (लॅपटॉपची डीडीआर४ पट्टी लागते), एनव्हीएमईचा स्लॉट, शिवाय अडीच इंची ड्राइव्हची जागा. बदलता येणारं वायफाय कार्ड. स्क्रू एकदोन, बाकी सगळं कडीकोयंड्यावर उघडतं. आणि खरा बायोस: वीज गेली आणि परत आली की आपोआप सुरू होण्याची सोय, नेटवर्कवरून जागं करण्याची सोय, पंख्याची वागणूक, सगळं नीट नावानिशी. चोवीस तास चालणाऱ्या मशीनला ती पहिली सोय नसेल तर तुम्ही बाहेरगावी असताना बत्ती गेली की सगळं तिथेच संपलं. नव्या स्वस्त डब्यांत काहींमध्ये ती असते, काहींमध्ये मेन्यूच्या तळघरात दडवलेली असते आणि काहींमध्ये नसतेच, आणि हे घेण्याआधी कळायला फारसा मार्ग नाही. माझ्यापुरता तराजू इथे झुकला.

विजेचा हिशेब मात्र जुन्याच्या विरोधात जाणार, म्हणून तो आधीच मांडून ठेवला होता. वर्षभर अखंड चालणारा १ वॉट म्हणजे ८.७६ युनिट. एन१०० चा डबा रिकामा बसून जुन्यापेक्षा ४ वॉट कमी खातो असं धरलं, तरी वर्षाला ३५ युनिटांचा फरक. तुमच्याकडच्या दराने गुणा आणि दोन्हींच्या किमतीतल्या फरकाशी ताडून बघा. माझ्या गणितात हा फरक भरून निघायला मशीनचं उरलेलं आयुष्यही पुरलं नसतं. वॉटमीटर लावून बघितलं, स्क्रीन बंद आणि सेवा चालू असताना काटा दहा वॉटच्या आसपास असतो. पॉवरटॉप हे वीज वाचवण्याचं साधन चालवून चिपच्या झोपेच्या अवस्था नीट लावल्यावर थोडा अजून उतरला.

आल्या आल्या केलेली तपासणी, क्रमाने. सर्वांत आधी बायोसमध्ये शिरून पासवर्ड नाही ना ते पाहिलं. ऑफिसच्या मशीनवर तो राहून जातो आणि काही मॉडेलांत बॅटरी काढूनही जात नाही. विक्रेत्याला घेण्याआधीच हे विचारावं. मग अडॅप्टर. काही कंपन्यांची मशीनं अडॅप्टर ओळखतात, परका लावला की चालतात खरी, पण प्रोसेसर मुद्दाम रांगत ठेवतात. मशीन विनाकारण मंद वाटलं तर सॉफ्टवेअरच्या मागे लागण्याआधी अडॅप्टरवरचं लेबल वाचा. नंतर रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर, एकही चूक नाही. सोबत आलेल्या एसएसडीची स्मार्ट माहिती, म्हणजे तिने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, काढली. चाललेले तास भरपूर, म्हणून ती प्रयोगांसाठी बाजूला ठेवली आणि नवी एनव्हीएमई लावली. नवी घेताना टीएलसी (एका पेशीत तीन बिट ठेवणारी) आहे ना आणि टीबीडब्ल्यूचा, म्हणजे आयुष्यभरात किती टेराबाइट लिहिता येईल याचा, आकडा किती, एवढंच बघितलं. वेगाच्या मोठ्या आकड्यांना या मशीनवर अर्थ नाही. घड्याळाची सीआर२०३२ बॅटरी न तपासताच बदलली, तिची किंमत ती काय.

थर्मल पेस्ट वाळून पापड झालेली होती. पुसली, नवी लावली, पंख्यातला लोकरीसारखा कचरा काढला. स्ट्रेस-एनजी या भार टाकणाऱ्या प्रोग्रॅमने सहाही कोअर पेटवून बघितले. आधी पंखा लगेच किंचाळायचा, आता बऱ्याच वेळाने आवाज चढतो आणि वेगही टिकून राहतो. जुनं मशीन घेतलंत तर हे काम टाळू नका. 

डिस्क पूर्ण पुसून डेबियन लिनक्स नव्याने टाकलं. हे नव्या डब्यालाही लागू आहे. २०२४ मध्ये काही मिनी पीसी कारखान्यातूनच मालवेअरसकट आल्याचं उघड झालं होतं, त्यामुळे आलेली विंडोज तशीच वापरायची नाही हा नियमच करून टाका.

डिस्प्लेचा एक बारकावा. या जुन्या मशीनांवर डिस्प्लेपोर्ट हमखास असतो, एचडीएमआय असेलच असं नाही. ४के मॉनिटरला डिस्प्लेपोर्टनेच जोडा, ६० हर्ट्झ मिळतात. साधा पॅसिव्ह अडॅप्टर लावून एचडीएमआयला गेलात तर बहुतेक वेळा ३० वर अडकाल आणि माउसचा बाण अडखळताना दिसेल.

सद्यस्थिती: डेस्कटॉप घरच्यांच्या हवाली केलाय, इमिच आणि पाय-होल डॉकरमध्ये, म्हणजे प्रत्येकी आपापल्या वेगळ्या कप्प्यात, चालू आहेत. जुने फोटो आत घेताना चेहरे ओळखण्याच्या कामाने सहाही कोअर बराच काळ गुंतले होते, त्या वेळात ब्राउझर मात्र जराही अडला नाही. रॅम सध्या ८ च्या दोन पट्ट्या, दोन चॅनेल भरल्यामुळे ग्राफिक्सलाही बरं पडतं.

राहिलेली कामं: होम असिस्टंटसाठी झिगबीचा (स्मार्ट उपकरणांशी बिनतारी बोलणारा) डोंगल लावायचा आहे. तो यूएसबी एक्स्टेंशन वायरीवर मशीनपासून लांब ठेवणार, कारण यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. अडीच इंची ड्राइव्हची जागा रिकामी आहे, कारण तिची चौकट आणि रिबन केबल जुन्या मशीनसोबत बहुधा येत नाही. माझ्याही आली नाही, ती नाही हे जाहिरातीतल्या फोटोतच दिसत होतं. दोन्ही मागवली आहेत. मॉडेल क्रमांक जुळवून मागवा. एकाच घराण्यात पिढीगणिक केबल बदलते. ती येईपर्यंत बॅकअप बाहेरच्या ड्राइव्हवर रोज रात्री रेस्टिक या बॅकअप प्रोग्रॅमने.