तुम्ही विचारलंत म्हणून: गेम डिझाईनच्या मायनरमध्ये शिकवतात तरी काय?

"गेम डिझाईन मायनर म्हणून घेतलं तर वर्गात बसून गेमच खेळायचे का? आणि कोडिंग येत नसेल तर?" मायनर म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाला जोडून घ्यायचा छोटा विषयगट. त्याबद्दल हे दोन प्रश्न बहुतेक वेळा जोडीनेच विचारले जातात.

दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे, ते आधी सांगून टाकतो. कोडिंग येत नसलं तरी चालतं. मायनरचे साधारण पाच-सहा विषय असतात, विद्यापीठागणिक थोडं कमीजास्त. त्यातल्या एक-दोन विषयांतच संगणकावर गेम बांधावा लागतो. शब्दांवर चालणारा, फाटे फुटणाऱ्या गोष्टीचा गेम ट्वाइन या सॉफ्टवेअरमध्ये कोडची एक ओळही न लिहिता होतो. हलणारं, उडी मारणारं काही करायचं असेल तर गोडो हे गेम बांधायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्याला लागणारी जुजबी स्क्रिप्ट, म्हणजे थोडासा कोड, सत्र संपेपर्यंत अंगवळणी पडते. बाकी सगळं काम कागद, पेन्सिल, फासे आणि कात्री यांवर चालतं, आणि खरं शिक्षण तिथेच होतं असं माझं ठाम मत आहे.

आता पहिला प्रश्न. खेळायचं असतंच, पण लक्ष जिंकण्याकडे नसतं, नियमाकडे असतं. हा नियम नसता तर खेळणाऱ्याने काय केलं असतं, हा प्रश्न सतत डोक्यात ठेवायचा. हुनिके, लब्लांक आणि झुबेक या तिघा गेम डिझायनरांनी २००४ मध्ये मांडलेली एक चौकट बहुतेक अभ्यासक्रमांत सुरुवातीलाच भेटते. ती म्हणते की डिझायनर फक्त नियम लिहितो. त्या नियमांतून खेळताना काही वागणूक तयार होते आणि त्या वागणुकीतून खेळणाऱ्याला काहीतरी वाटतं. डिझायनर पहिल्या टोकाला उभा असतो, खेळणारा शेवटच्या. मधलं काहीच थेट हातात नसतं.

हे समजायला सापशिडी पुरते. तिच्यात फासा टाकायचा, सोंगटी सरकवायची, बस्स. पूर्ण डावात खेळणारा एकही निर्णय घेत नाही. म्हणूनच सुरुवातीला द्यायला हा सराव उत्तम आहे: एकच नियम बदला आणि खेळणाऱ्याच्या हाती निर्णय द्या.

सहज सुचणारं उत्तर असं की दोन फासे टाका आणि त्यांतला हवा तो एक वापरा. कागदावर छान दिसतं. दोन-तीन डाव खेळलं की फोलपणा कळतो. समोर शिडी असेल तर पकडायची, साप असेल तर टाळायचा, एरवी मोठा आकडा घ्यायचा. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर ती निवड नव्हेच. एका फाशाची सरासरी ३.५, दोनांतल्या मोठ्याची जवळपास ४.४७. म्हणजे खेळात विचार आला नाही, वेग तेवढा आला.

मग पुढची दुरुस्ती: जो फासा तुम्ही घेतला नाहीत, तो प्रतिस्पर्ध्याच्या सोंगटीला लागू. आता बघा. तुम्ही २३ वर आहात. २७ वरून शिडी ५५ पर्यंत जाते. प्रतिस्पर्धी ४० वर आहे, त्याच्यापुढे ४२ वरून ८१ पर्यंत शिडी आहे. फासे पडले ४ आणि २. चार घेतलेत तर तुम्ही चढता, पण उरलेल्या दोनावर तोही चढतो, तुमच्यापेक्षा उंच. दोन घेतलेत तर कुणीच चढत नाही. खेळणारा इथे थांबतो, पटाकडे बघतो, मग समोरच्याच्या चेहऱ्याकडे. हे थांबणं नियमाने घडवलं.

पण नियम बदलला की त्याची शेपटं निघतात. दर पाळीला आता दोन्ही सोंगट्या मिळून सरासरी सात घरं हलतात, मूळ खेळात सरासरी साडेतीन हलत होती. म्हणजे साप-शिड्या बाजूला ठेवल्या तर डाव निम्म्या पाळ्यांत आटोपतो. सारखे आकडे पडले तर निवडच उरत नाही आणि हे सहा पाळ्यांत सरासरी एकदा होणार. तिसरा खेळाडू बसला तर उरलेला फासा द्यायचा कुणाला? मर्जीवर सोडलं तर सगळे मिळून पुढच्याला सापाच्या तोंडी देतात, आणि ज्याला स्वतःला जिंकायची आशा नाही तो कोण जिंकणार हे ठरवू लागतो. "नेहमी डावीकडच्याला" म्हटलं तर तंटा मिटतो, पण मग कुठे बसलात याला महत्त्व येतं. यांतला कुठला दोष चालवून घ्यायचा हे ठरवणं म्हणजे डिझाईन. म्हणून नियमपत्रिकेवर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख हवी आणि एका वेळी एकच बदल हवा. दोन बदल एकदम केले आणि खेळ सुधारला, तर कशामुळे सुधारला हे कधीच कळत नाही.

या सगळ्यात सर्वांत अवघड काय असेल तर गप्प बसणं. प्लेटेस्टमध्ये आपला खेळ दुसऱ्याच्या हाती द्यायचा, शेजारी वही घेऊन बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. खेळणारा नियम चुकीचा वाचतो, भलतीच सोंगटी हलवतो, आणि आपल्या तोंडून "नाही, नाही, तसं नाही" निघून जातं. निघालं की ती चाचणी वाया गेली, कारण पुढे हा खेळ ज्यांच्या हाती पडेल त्यांच्या शेजारी तुम्ही नसणार. आधी स्वतःशी, मग वर्गमित्रांशी आणि शेवटी फक्त नियमपत्रिका हाती दिलेल्या अनोळखी माणसांशी, या क्रमाने जायचं. शेवटी "मजा आली का?" असं विचारू नये, समोर बसलेल्या माणसाला सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा "या पाळीला तुम्ही इतका वेळ का थांबलात?", "कुठला नियम विसरायला झाला?" असं विचारावं. खेळणारा कुठे दुखतंय ते बहुधा अचूक सांगतो, औषध मात्र बहुधा चुकीचं सुचवतो. दुखणं लिहून घ्यायचं, औषध आपण शोधायचं.

संगणकावरच्या गेममध्येही हेच, फक्त मोजमाप बारीक. कड्याच्या टोकावरून उडी मारताना खेळणारा बटण किंचित उशिरा दाबतो आणि पात्र खाली पडतं. तो म्हणतो, "मी वेळेवर दाबलं होतं." संगणकाच्या हिशेबाने तो चुकलेला असतो, तरी ऐकायचं त्याचंच. म्हणून पाय कड्यावरून सुटल्यानंतरही पाच-सहा फ्रेमपर्यंत, म्हणजे पडद्यावरची पाच-सहा चित्रं बदलेपर्यंत, उडी मान्य करतात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर सहा फ्रेम म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. याला कोयोटी टाइम म्हणतात. कुणाच्या लक्षातही येत नाही, पण काढून टाकलं की लगेच गेम "अडकतो" अशी तक्रार येते.

अभ्यासक्रमातला खेळ आणि संस्कृतीचा भाग अनेकांना तोंडी लावण्यापुरता वाटतो आणि मला त्याचं वाईट वाटतं. योहान हुइझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ मध्ये खेळ हा संस्कृतीच्या मुळाशी आहे असं मांडलं. रोजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ मध्ये खेळांचे चार स्वभाव सांगितले: स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवळ. हे चार शब्द हाती असले की लहान मुलं गरगर फिरून धपकन का बसतात आणि मोठी माणसं पत्त्यांवर पैसे का लावतात, हे एकाच टेबलावर मांडता येतं. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकी बाईंनी १९०४ मध्ये पेटंट घेतलेला 'द लँडलॉर्ड्स गेम' जमीनदारीच्या मक्तेदारीचा तोटा दाखवण्यासाठी होता. त्याच्यातूनच पुढे आलेला 'मोनोपोली' १९३५ पासून पार्कर ब्रदर्स या अमेरिकी कंपनीने विकला, आणि त्यात सगळ्यांना कंगाल करणं हाच आनंद ठरला. पट जवळपास तोच, शिकवण उलटी. आणि संगणकावरच्या गेममध्ये पैसे भरून आत काय निघेल ते माहीत नसलेली पेटी उघडायची, हा जुगार की खेळ? बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्ये काही गेममधल्या अशा पेट्या जुगारच ठरवल्या. उद्या अशी पेटी बांधायला सांगितली तर काय बोलायचं, हे विद्यार्थ्याने नोकरीआधी ठरवलेलं बरं.

प्रवेशाआधी अभ्यासक्रमपत्रिकेत तीन गोष्टी बघा. कागदी प्रोटोटाइपला, म्हणजे खेळाच्या कच्च्या नमुन्याला, वेळ दिला आहे का? एका सत्रात किती प्लेटेस्ट सक्तीच्या आहेत? चारपेक्षा कमी असतील तर मी साशंक होईन. आणि वाचन व निबंधाचा निदान एक विषय आहे का? फक्त सॉफ्टवेअरची नावं दिसली तर ते सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण आहे, ते घरीही होतं.

नुसत्या मायनरवर नोकरी मिळत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. उपयोग होतो तो मुख्य विषयाशी सांधा जुळला की. संख्याशास्त्रवाल्याला फाशांचा तोल, मानसशास्त्रवाल्याला प्लेटेस्ट, साहित्यवाल्याला फाटे फुटणारी गोष्ट. दाखवायला पूर्ण झालेले तीन छोटे गेम हवेत आणि प्रत्येकासोबत बदलांची वही. बहुतेकांचा घात पहिल्याच प्रकल्पात होतो: मोठं जग, शंभर पात्रं, ऑनलाइन अनेक खेळाडू आणि सत्राअखेरीस फक्त सुरुवातीचा मेनू. एक खोली, एक क्रिया, तीन मिनिटांचा डाव, एवढंच धरा. सोळा आठवडे असतील तर आठव्याला गेम ओबडधोबड का होईना, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळता यायला हवा. उरलेले आठ आठवडे लोकांना खेळताना बघण्यात जाऊ देत.