मसाई पठारावरचे दोन कवले

अनंत चतुर्दशी झाली की पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराकडे निघायचं, हे आमच्या घरात ठरलेलं आहे. यंदा मुद्दाम कवला या रानफुलासाठी गेलो, पिवळ्या आणि जांभळ्या. लोक दोघांनाही ‘मिकी माऊस’ म्हणतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. खाली बसून बघितलं तर मात्र तासभर कुठे जातो कळत नाही.

पिवळा कवला (स्मिथिया हिर्सुटा) म्हाळुंगे गावाच्या रस्त्यालाच गवतात भेटला. वरच्या पाकळीच्या तळाशी दोन लाल ठिपके, ते लांबूनही उठून दिसतात. फूल उलटं करून मागचं हिरवं आवरण बघा: त्यावर ताठ केस दाट असतात, बोटाला सहज जाणवतात.

जांभळा (स्मिथिया पर्पुरिया) शोधावा लागला. पठारावर चढून देवळाच्या पुढे गेल्यावर, कातळाच्या कडेला जिथे माती ओली होती तिथे त्याचा ताटवा सापडला. रंग निळसर जांभळा, ठिपके पांढरे. पानं दोघांचीही चिंचेसारखी, संध्याकाळी मिटणारी; त्यामुळे नुसत्या पानांवरून ओळखायला जाऊ नका. मला विचाराल तर जांभळाच देखणा. पिवळा सगळीकडे आहे, याच्यासाठी पायपीट करावी आणि ती सार्थकी लागते.

फूल सुकलं की शेंग कुठे गेली असं वाटतं. ती त्या आवरणातच घडी घालून बसलेली असते, एकेक बी असलेल्या तुकड्यांची. एखादं सुकलेलं आवरण हलकेच उघडून बघा. मुलांना हे फार आवडतं.

कोल्हापूरहून पन्हाळ्यापर्यंत एसटी आहे, वीसेक किलोमीटर. पुढे स्वतःची गाडी असलेली बरी. सकाळी लवकर पोचा. दुपारनंतर धुकं उतरलं की फोटो तर सोडाच, वाटही दिसत नाही. वर वारा इतका की छत्री टिकत नाही, रेनकोटच घ्या. ओल्या कातळावर पाय घसरतो, चांगल्या पकडीचे बूट हवेत. पाणी आणि डबा खालूनच न्या, भिंगही ठेवा.

एक कळकळीची विनंती: गाडी पठारावर फुलांत घालू नका. दोन्ही कवले वर्षायू, म्हणजे एकच वर्ष जगणारे आहेत, बी पडायच्या आत चिरडले गेले तर पुढच्या पावसात तिथे काय उगवणार? आणि भाजीचा कवला यांचाच भाऊबंद असला तरी इथला खुडू नका. भाजी बाजारात मिळते.