फ्यूज शाबूत होता

गाडी टोचन करून आली. दीडशे सीसीची मोटरसायकल, रोज पहाटे मिरकरवाडा बंदरावरून माशांचे क्रेट वाहणारी. बॅटरी चार दिवस टिकत नाही, ही तक्रार. चार महिन्यांत दोन बॅटऱ्या झाल्या होत्या, रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा डबा, नवा पडला होता आणि आता इंजिनमध्ये वीज तयार करणारी मॅग्नेट कॉइल जळल्याचं आधीच्या गॅरेजने सांगितलं होतं. गाडीवाला पोरगा फक्त कॉइल बसवून घ्यायला आला होता. ‘आधी तपासू’ म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. तपासणीच्या तासाचे पैसे लोकांना जड जातात, पार्टचे मात्र मुकाट देतात. आणि इलेक्ट्रिकलचा पार्ट एकदा विकला की दुकानदार परत घेत नाही.

बॅटरी रात्रभर चार्जरला लावली. उतरलेल्या बॅटरीवर घेतलेलं एकही माप भरवशाचं नसतं. सकाळी चार्जर काढून दोन तास तशीच ठेवली : १२.७ व्होल्ट. सेल्फ मारताना १०.८ पर्यंत खाली आली. साडेनऊच्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घेतला असता.

मग इंजिन ५,००० आरपीएमला धरलं. बॅटरीच्या टोकांवर १२.४. इथे १४ च्या आसपास हवेत. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना हेडलाइट बंद करायचं बटणच नाही, त्यामुळे चार्जिंग कमी पडलं की बॅटरी सतत रिकामी होत राहते. इथपर्यंत आधीचा मेकॅनिकही आला असणार. त्याचा पुढचा हिशेब असा : चार्जिंग नाही म्हणजे रेग्युलेटर गेला, तो बदलूनही नाही म्हणजे कॉइल गेली. या हिशेबात मधली तार कुठेच नाही.

रेग्युलेटरचा कपलर, म्हणजे तारांचा जोड, सोडला. कॉइलच्या तीन पिवळ्या तारा, मीटर एसीवर, दोन-दोन तारांच्या तीन जोड्या : ५८, ५९, ५८ व्होल्ट. आकडा गाडीगणिक बदलतो, पण तिन्ही जोड्या सारख्या यायला हव्यात. इंजिन बंद करून प्रत्येक पिवळी तार बॉडीशी तपासली, कुठेही बॉडीला शॉर्ट नाही. कॉइल ठणठणीत. दहा मिनिटांचं काम, इंजिनचं कव्हर उघडावंही लागत नाही.

कपलर परत जोडला, मीटर डीसीवर घेतला. लाल प्रोब रेग्युलेटरच्या आउटपुट तारेवर, काळा बॅटरीच्या प्लसवर, इंजिन चालू, लाइट चालू. मधली तार चांगली असेल तर ०.२ च्या वर काही दिसू नये. दिसले १.९ व्होल्ट. मायनसच्या बाजूला तेच माप घेतलं, ०.०५. अर्थिंग चांगलं होतं. म्हणजे रेग्युलेटर आपल्या टोकाशी १४.३ देत होता, आणि तेवढे झाले की तो आवरतं घेतो. बॅटरीपर्यंत किती पोचतात हे त्याला कळत नाही. तो आपलं काम चोख करत होता.

आता काळा प्रोब वाटेवर एकेक टप्पा अलीकडे आणायचा. प्रोब कपलरच्या मागून, तारेच्या बाजूने घालायचा. पुढून खुपसला की आतली पिन फाकते. सेल्फ रिलेवर, म्हणजे सेल्फला करंट देणाऱ्या स्विचवर, १.८. मेन फ्यूजच्या पलीकडे १.८, अलीकडे ०.१. जवळजवळ सगळी व्होल्टची घट २० अँपिअरच्या फ्यूज होल्डरमध्ये.

फ्यूज काढला. तार अखंड, पण एका पात्याजवळचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं. होल्डरमधली पितळी पकड हिरवी पडलेली आणि इतकी फाकलेली, की नवा फ्यूज बोटाने न दाबता आत घसरला. मीटर बीपवर लावून, म्हणजे जोड सलग असेल तर वाजतो त्या सेटिंगवर, होल्डर पाहिला तर वाजला! आधीच्या मेकॅनिकला इथेच चकवा बसला असणार. बीप काही मिलीअँपिअरवर वाजतो. इथे अडथळा होता जेमतेम पाव-अर्ध्या ओहमचा, तेवढा तर मीटरच्या वायरींचाच असतो. पण त्याच अडथळ्यातून चार-पाच अँपिअर जायला लागले की पावणेदोन व्होल्ट तिथेच जिरतात आणि होल्डर तापतो. चालू गाडीवर, लोडखाली मापल्याशिवाय हा दोष दिसत नाही.

पकड फाकली कशी, हे पोराला विचारल्यावर कळलं. मागच्या वर्षी फॉग लाइट बसवताना कोणीतरी त्याची तार फ्यूजच्या पात्यासोबत होल्डरमध्ये कोंबली होती. बॅटरी उतरते म्हणून पहिल्या गॅरेजने फॉग लाइट काढले, तारही काढली. फाकलेली पकड तशीच राहिली, वर बंदरावरची खारी हवा.

होल्डर कापून टाकला. जुनी तार इंचभर आतपर्यंत काळी पडली होती. चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे सोलली. कल्हई केलेले टर्मिनल क्रिम्प केले. नुसतं सोल्डर करत नाही, कारण सोल्डर तारेत वर चढून ती कडक होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते. वर श्रिंक स्लीव्ह, टर्मिनलला थोडं पेट्रोलियम जेली. सामान शंभर रुपयांच्या आत. ५,००० ला बॅटरीवर १४.२.

जुना रेग्युलेटर पोराच्या पिशवीतच होता, भंगारात द्यायचा म्हणून. बिल करायच्या आधी तो लावून पाहिला. १४.२. जुन्या दोन्ही बॅटऱ्या एक्स्चेंजमध्ये गेल्यात, त्या तपासायची सोय राहिली नाही.