नवीन फोरम सॉफ्टवेअरसाठी मेंबर लोकांचा फीडबॅक गोळा करताना – माझा अनुभव

आम्ही काही जण मिळून आमच्या कम्युनिटीसाठी नवीन फोरम सॉफ्टवेअर बनवतोय आणि त्यात माझ्याकडे आलेलं काम म्हणजे मेंबर लोकांना नक्की काय हवंय, कुठे अडतंय हे समजून घेऊन कोड लिहिणाऱ्यांपर्यंत पोचवायचं. हे काम हातात घेतलं तेव्हा शोधाशोध केली तर सर्व्हर, डेटाबेस वगैरेबद्दल ढिगाने माहिती मिळाली पण माणसांशी कसं बोलायचं, काय विचारायचं, आलेल्या मतांचं करायचं काय यावर अनुभवातून लिहिलेलं फारसं सापडलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कुणाला उपयोग झाला तर आनंदच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. जुन्या सॉफ्टवेअरला अपडेट यायचे केव्हाच बंद झाले होते, सर्व्हरवरचं पीएचपी (ज्या भाषेत ते लिहिलेलं होतं ती) नवीन केलं की ते कोसळायचं, त्यामुळे सगळंच जुन्यावर अडकून पडलेलं. आणि सगळ्यात पहिला फीडबॅक आला तो असा की नवीन बनवताच कशाला, रेडीमेड घ्या ना! प्रश्न एकदम रास्त आहे. पीएचपीबीबी २००० सालापासून आहे, डिस्कोर्स २०१३ मध्ये आलं, दोन्ही फोरम सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहेत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. म्हणून आम्ही दोन्ही टेस्ट सर्व्हरवर टाकून काही मेंबर लोकांना वापरायला दिली. अडचण आली ती प्रतिसादांच्या रचनेची. दोन्हीकडे प्रतिसाद मुळात एकाखाली एक सरळ येतात आणि आमच्याकडे उपप्रतिसाद, त्याला उपप्रतिसाद अशी झाडासारखी रचना आहे, तीत वर्षानुवर्षांची चर्चा बसलेली आहे, ती सरळ रांगेत ओतली की कोण कुणाला काय म्हणतंय तेच कळेना. तिथे ठरलं की स्वतःचंच बनवायचं.

मग लगेच "नवीन फोरममध्ये तुम्हाला काय काय हवं?" असा धागा (एका विषयावरची चर्चा) काढायची घाई सुरू झाली. मी म्हटलं थांबा, आधी जुना सूचनांचा धागा पूर्ण वाचू. वाचला, सलग, पहिल्या पानापासून. डार्क मोड, अ‍ॅप, लाईकचं बटण, लाईकचं बटण अजिबात नको, फॉन्ट मोठा करा, सही (प्रत्येक प्रतिसादाखाली आपोआप येणाऱ्या ओळी) मोठी करा, सह्या बंद करा… पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आयडी तेच तेच. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात यातले तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेलं आहे की ऑनलाइन कम्युनिटीत १०० पैकी साधारण ९० जण फक्त वाचतात, ९ जण कधीमधी लिहितात आणि बहुतेक सगळं लिखाण उरलेल्या एका जणाचं असतं. म्हणजे नवीन धागा काढला असता तरी तेच एक टक्का लोक बोलले असते. ते लोक चांगले आहेत, फोरम त्यांच्यामुळेच जिवंत आहे, पण वाचनमात्र मंडळींचं काय? ती तर रोज येतात आणि कुठल्याच धाग्यावर दिसत नाहीत.

त्यांच्यापर्यंत पोचायला आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, सर्व्हरचे लॉग बघितले, म्हणजे कुठलं पान उघडतात, कुठून येतात, मोबाईल की कॉम्प्युटर एवढंच, कोण व्यक्ती आहे त्याच्याशी आम्हाला काही घेणंदेणं नव्हतं आणि तसं आधी जाहीरही केलं. दुसरं म्हणजे प्रत्येक पानाच्या तळाशी एकच प्रश्न ठेवला, "आज जे शोधायला आलात ते मिळालं का?" हो किंवा नाही, आणि नाही म्हटलं तर एक रिकामी चौकट. लॉगिनची गरज नाही, नाव नाही. या चौकटीत जे लोक लिहून गेले ते मला आजही सोन्यासारखं वाटतं! "सर्चमध्ये काहीच येत नाही" हे इतक्या वेळा आलं की आम्ही खोलात गेलो, तर जुन्या सर्चमध्ये चारपेक्षा कमी अक्षरांचे शब्द इंडेक्समध्ये (सर्च ज्या यादीतून शोधतं तिच्यात) घेतलेच जात नव्हते. छोटा शब्द टाकला की उत्तर रिकामं. जुने मेंबर हे केव्हाच शिकले होते, ते बाहेरच्या सर्च इंजिनमधून शोधून यायचे, त्यामुळे त्यांच्या लेखी ही तक्रारच नव्हती.

आता मुलाखतींबद्दल, कारण खरं काम तिथे झालं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून वेगवेगळ्या प्रकारच्या मेंबर लोकांना विचारलं की थोडा वेळ फोनवर बोलाल का. जुने, नवे, खूप लिहिणारे, अजिबात न लिहिणारे, भांडून सोडून गेलेलेसुद्धा. आणि नियम एकच ठेवला: "तुम्हाला काय हवं" असं विचारायचं नाही, "मागच्या वेळी आलात तेव्हा काय केलंत, पहिल्यापासून सांगा" असं विचारायचं. काय हवं विचारलं की माणूस दुसरीकडे पाहिलेलं फीचर सांगतो. मागच्या वेळचं विचारलं की जे घडलं ते सांगतो, आणि अडचण त्यात असते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे पानं की अखंड स्क्रोल हा वाद. यावर आमच्याकडे अक्षरशः दोन तट पडले होते, एकाला पान नंबर हवेत, दुसऱ्याला खाली खाली सरकवत जायचं. मतदान घेतलं असतं तर निम्मे लोक नाराज झाले असते. पण मुलाखतीत एक काकू म्हणाल्या, "मी डायरीत लिहून ठेवते, अमुक धागा, सदतीसावं पान, वरून चौथा प्रतिसाद. दुसऱ्या दिवशी तिथून पुढे." आणि दुसऱ्या बाजूचा एक मुलगा म्हणाला की तो टॅब बंदच करत नाही, फोनवर तो धागा आठवडाभर उघडा ठेवतो, कारण बंद केला की कुठपर्यंत वाचलं ते सापडत नाही. दोघांची अडचण एकच निघाली ना! शेवटी पानं ठेवली, आणि धागा उघडला की न वाचलेल्या पहिल्या प्रतिसादावर थेट नेणारी लिंक दिली. त्या दोघांनाही टेस्टिंगला बोलावलं होतं, दोघांनाही आवडलं.

एक मेंबर स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) फोरम वाचतात, त्यांच्याबरोबरचा कॉल मी विसरणार नाही. त्यांनी स्पीकर चालू करून मला ऐकवलं. प्रत्येक प्रतिसादाआधी आयडी, चित्राचं फाईलनेम, कधीपासून मेंबर, एकूण प्रतिसाद किती, मग मजकूर, मग चार ओळींची सही, आणि मजकूर काय तर "सहमत". हे प्रत्येक प्रतिसादाला. जुन्या सॉफ्टवेअरची सगळी मांडणी टेबलांमध्ये, त्यामुळे हेडिंगवरून हेडिंगवर उडी मारायची सोयच नाही, सगळं ऐकत बसायचं. आणि तरी ते गृहस्थ रोज येतात, मोठमोठे प्रतिसाद लिहितात. त्यांनी कधीही सूचनांच्या धाग्यावर एक शब्द लिहिलेला नव्हता, का विचारलं तर म्हणाले, "असंच असतं असं वाटलं." नवीनमध्ये प्रत्येक प्रतिसादाला हेडिंग आहे, सही शेवटी आणि बंद करता येते, अक्षर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या नियमाप्रमाणे कमीत कमी ४.५ ला १ ठेवलाय. ही गोष्ट "नंतर बघू" च्या यादीत टाकायची नाही असं मी मीटिंगमध्ये हट्टाने धरून बसले आणि सगळ्यांनी मान्य केलं.

आणखी एक केस सांगते, कारण फीडबॅक देणारा लक्षण सांगतो, रोग आपल्याला शोधावा लागतो हे त्यातून नीट कळतं. एक नवीन मेंबर सारखं म्हणायची की माझे प्रतिसाद अर्धेच येतात. मॉडरेटरना काही सापडेना, बाकी कुणाला हा त्रास नाही, सगळ्यांना वाटलं कॉपी-पेस्ट करताना काहीतरी होत असेल. तिला म्हटलं स्क्रीन रेकॉर्ड करून पाठव. व्हिडिओत ती फोनवरून लिहितेय, छान दोन परिच्छेद, पहिल्याच्या शेवटी एक हसरा इमोजी. सबमिट. दुसरा परिच्छेद गायब! झालं होतं असं की आमच्या डेटाबेसचं जुनं सेटिंग एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट द्यायचं, देवनागरी अक्षर ३ बाइटमध्ये बसतं त्यामुळे इतकी वर्षं सगळं सुरळीत, पण इमोजीला ४ लागतात, तो आला की तिथून पुढचं सगळं गुपचूप कापलं जायचं, एरर पण नाही. जुने लोक कॉम्प्युटरवरून लिहिणारे, कंसातले हसरे चेहरे काढणारे, त्यांना हे कधी दिसलंच नाही. किती नवीन माणसं एकदा लिहून, अर्धा प्रतिसाद बघून, परत आलीच नसतील याचं खरंच वाईट वाटतं.

मॉडरेटर लोकांशी वेगळं बोलायचं हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं, कारण ते उघड धाग्यावर खरं बोलू शकत नाहीत. तिथे स्वसंपादनाचा विषय निघाला. मेंबर लोकांची जुनी मागणी की प्रतिसाद कधीही एडिट करता आला पाहिजे, टायपो राहतात, चुकीची माहिती दुरुस्त करायची असते, मागणी योग्यच आहे. मॉडरेटर म्हणाले की भांडणात लोक आधी जहाल काहीतरी लिहितात, समोरचा चिडून उत्तर देतो, मग पहिला माणूस आपलं वाक्य सौम्य करून टाकतो आणि नंतर येणाऱ्याला वाटतं की उत्तर देणाराच उगाच भडकलाय. हे त्यांनी स्क्रीनशॉटसकट दाखवलं. मग यावर आम्ही दोन्ही बाजूंची एकत्र बैठक घेतली आणि निघालेला मार्ग असा की एडिट कधीही करा, पण आधीचं रूप सगळ्यांना बघता येईल आणि उपप्रतिसाद आलेला असेल तर "नंतर बदललेलं" अशी खूण दिसेल. काही जणांना हेही पटलं नाही. ठीक आहे, पण का ठरलं हे त्यांना माहीत आहे. मॉडरेटरनी अजून एक मागितलं ते म्हणजे अवांतर प्रतिसाद उडवण्याऐवजी उचलून वेगळ्या धाग्यात नेता यावेत, आणि कोणत्या मॉडरेटरने काय केलं याची नोंद राहावी. ही नोंद त्यांनी स्वतःहून मागितली हे मला विशेष वाटलं.

टेस्टिंगबद्दल थोडक्यात. कच्चा नमुना तयार झाल्यावर एकेकाला स्क्रीन शेअर करायला सांगून कामं दिली, जसं की "कालच्या धाग्यावर तुम्हाला कुणी उत्तर दिलंय का बघा". नील्सन यांचंच २००० सालचं म्हणणं आहे की पाच जणांनी वापरून बघितलं तरी साधारण ८५ टक्के अडचणी समोर येतात, पुढे त्याच त्याच दिसतात. आम्हालाही तसंच दिसलं, म्हणून थोडे लोक, दुरुस्ती, परत थोडे लोक असं केलं. यातली अवघड गोष्ट म्हणजे गप्प बसणं. माणूस बटण शोधतोय, ते त्याच्या डोळ्यासमोर आहे आणि आपल्याला सांगायचं नाही. पण सांगितलं की टेस्ट संपली. लिहिता लिहिता मागे जाण्याचं बटण दाबून मजकूर घालवणारे लोक इतके दिसले की ड्राफ्ट आपोआप सेव्ह होणं आम्ही यादीत एकदम वर आणलं, आणि हे कुणीही मागितलेलं नव्हतं.

जवळजवळ प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी, फोन ठेवता ठेवता, लोक एकच विचारायचे: "माझं जुनं लिखाण राहील ना?" सूचनांच्या धाग्यात हे कुठेच नव्हतं कारण हे फीचर नाहीये. लोकांनी हे होताना पाहिलेलं आहे, याहू ग्रुप्सवरचा जुना मजकूर डिसेंबर २०१९ मध्ये काढला गेला आणि वर्षभराने ती सेवाच बंद झाली, तिथे कितीतरी समूहांच्या चर्चा होत्या. म्हणून आम्ही कामाचा क्रम बदलला आणि स्थलांतर आधी घेतलं. प्रत्येक जुनी लिंक नवीन पत्त्यावर कायमची वळवलेली असणार, त्यामुळे बाहेर कुठे दिलेल्या लिंकाही चालतील. पासवर्ड जुन्या पद्धतीने हॅश केलेले (सांकेतिक रूपात बदलून ठेवलेले) आहेत, ते उलगडता येत नाहीत (येऊही नयेत), म्हणून पहिल्यांदा लॉगिन केलं की त्याच वेळी नवीन पद्धतीने परत हॅश होतील. आणि जे मेंबर आता हयात नाहीत त्यांचे आयडी "निष्क्रिय" म्हणून साफ करायचे नाहीत, त्यांचं लिखाण त्यांच्या नावाने तसंच राहील, हे आम्ही लेखी जाहीर केलं. एका मेंबरने या निर्णयाखाली फक्त "धन्यवाद" लिहिलं, त्यांच्या पतीचा आयडी आमच्याकडे आहे.

आलेल्या प्रत्येक सूचनेचं काय झालं त्याचा एक उघडा तक्ता ठेवलाय, करणार, नंतर करणार, करणार नाही, आणि शेजारी एका वाक्यात कारण. नापसंतीचं बटण "करणार नाही" मध्ये आहे आणि त्यावरून बरीच बोलणी खाल्ली. पण नाही म्हटल्यावर आलेला राग दोन दिवसांत निवळतो, उत्तरच न मिळालेली माणसं मात्र पुढच्या वेळी बोलतच नाहीत, हे मी जुन्या धाग्यातच पाहिलं होतं, तिथे एका आयडीने तीच सूचना वर्षावर्षाने टाकली होती आणि मग टाकणं सोडून दिलं.

सध्या बीटा (चाचणीसाठीची आवृत्ती) चालू आहे, जुन्या डेटाची कॉपी घेऊन, त्यामुळे तिथे काहीही मोडलं तरी मूळ सुरक्षित आहे. ईमेल नोटिफिकेशनचं अजून ठरत नाहीये, प्रत्येक प्रतिसादाला मेल की दिवसातून एकदा एकत्र, यावर मुलाखती चालू आहेत. आणि ज्यांचा रजिस्ट्रेशनचा ईमेल बंद पडलाय पण लॉगिन अजून चालतंय अशा सगळ्यांना आम्ही एकेक करून व्यनि पाठवतोय की स्थलांतराआधी तेवढा बदलून घ्या, कारण नंतर पासवर्ड विसरलात तर आयडी तुमचाच आहे हे पटवायला आमच्याकडे दुसरा मार्ग नसेल.