नर उपटायचा नाही

जोहान्सबर्ग, ९ ऑक्टोबर

जॅकरंडा बहरलाय आणि काल दुपारी मोसमातला पहिला खरा पाऊस झाला. संध्याकाळी ताता कुंपणापलीकडून ओरडले, "सिसी, भिजवलंस का?" भिजवलं होतं. बी जोंधळ्याएवढं, गडद तपकिरी, अंगावर काळ्या रेघांची जाळी. बोटाने चोळलं की वरची नक्षी निघून जाते आणि खाली साधं करडं टरफल दिसतं.

ताता म्हणजे मागच्या घरातले निवृत्त गणिताचे मास्तर. गाव लुसिकिसिकीजवळ, ईस्टर्न केपमधल्या पोंडोलँडात. आई गेली आणि शेत कसायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी तिचा रिकॉफी या कॉफीचा जुना डबा इकडे आणला. आत मक्याच्या, भोपळ्याच्या, कसल्याशा शेंगेच्या आणि डाखाच्या बियांच्या पुड्या. डाखा म्हणजे आपला गांजा. बाकीच्या पुड्यांतलं निम्मं बी त्यांच्या भावजयीने मागून घेतलं, डाखाचं मात्र कुणालाच नको होतं. गावातली पोरं आता शहरातून आलेलं संकरित लावतात. ताता स्वतः ओढत नाहीत, दर रविवारी चर्चला जातात. पण आईने याच डाखाच्या पैशांवर आपल्याला शिकवलं, हे ते लपवत नाहीत. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली, अंगणात वांगी-घेवड्यांची खटपट करणारी, म्हणून ती पुडी माझ्याकडे आली.

पुण्यात बहिणीला फोनवर सांगितलं तर ती आधी हसली, मग घाबरली. तिला सांगितलं ते इथेही लिहून ठेवते. १८ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने एकमताने निकाल दिला, न्यायमूर्ती रेमंड झोंडो यांनी लिहिलेला. प्रौढ माणसाने खासगी जागेत स्वतःपुरता गांजा लावणं, बाळगणं, ओढणं हा तेव्हापासून गुन्हा राहिला नाही. त्यामागे गॅरेथ प्रिन्स नावाच्या रास्ताफारी, म्हणजे गांजा पवित्र मानणाऱ्या पंथातल्या, माणसाची वर्षानुवर्षांची कोर्टबाजी होती. २००२ मध्ये याच न्यायालयात ते हरले होते. मे २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याबद्दलच्या कायद्यावर सहीही केली. विकणं मात्र अजून गुन्हाच आहे. भारतात १९८५ चा एनडीपीएस हा अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, तिथे परवान्याशिवाय झाड लावलं तर थेट तुरुंग. तेव्हा "पाकिटात घालून चार बिया पाठव की" म्हणणाऱ्या तिच्या नवऱ्याला सरळ नाही म्हणून सांगितलं. भावजींना राग आला असेल तर येवो.

२७ नोव्हेंबर

चारच्या सुमाराला आभाळ काळंनिळं झालं आणि गारा सुरू झाल्या. इथल्या उन्हाळ्यात हे नेहमीचंच. लोक गाड्या आधी छपराखाली घेतात, बाकी सगळं नंतर. मी रोपांवर टोपल्या पालथ्या घातल्या, तरी कडेच्या वाफ्यातल्या पानांच्या चिंध्या झाल्याच.

गारा थांबल्यावर सगळी रोपं जवळून बघितली. एकाच पुडीतलं बी, पण दोन रोपं सारखी नाहीत. एकाचा देठ जांभळट, दुसऱ्याचा फिकट हिरवा. एकाची पेरं आखूड, तर एक नुसतंच वर सुटलेलं. पानांची बोटं मात्र सगळ्यांची अरुंद आणि लांब. गावरान वाण म्हणतात तो हा असा असतो. एकसारखेपणा हवा असेल तर कंपनीचं बी घ्यावं.

एक रोप अगदीच किरटं आहे. ते उपटावं का, असं विचारलं तर ताता म्हणाले, "कोरड्या वर्षी तेच उभं राहिलं तर?" मास्तरच ते.

२९ जानेवारी

आजचं जरा सविस्तर लिहायचंय.

२१ डिसेंबरनंतर दिवस आखूड होऊ लागतात आणि झाडाला ते कळतं. आता नर ओळखू येतात. पानाच्या बगलेत बारीक हिरव्या कळ्यांचे लोंबते घोस धरलेत. मादीच्या बगलेत तसं काही नसतं, तिथे दोन पांढरे केस बाहेर डोकावतात. गांजा पिकवणारा कुठलाही माणूस या आठवड्यात एकच काम करतो, नर शोधून उपटतो. पराग पडला की मादी बी धरते, आणि बियांनी भरलेल्या तुऱ्याला भाव नसतो.

आपल्याकडे तर या कामासाठी खास माणसं होती. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये गांजा-भांग-चरसावर जो आयोग नेमला, त्याच्या अहवालात बंगालमधल्या नौगावच्या पोद्दारांचं वर्णन आहे. शेतातून ओळीने फिरायचं, नर हेरायचा, मोडायचा. त्याची मजुरी मिळायची. त्या काळी आपल्या नगर जिल्ह्यातही परवान्याने गांजा पिकत होता, खांडव्याकडे तर मोठ्या प्रमाणावर. तिथेही तत्त्व तेच, नर ठेवायचा नाही.

मी नेमकं उलटं करतेय. मला तुरा नकोय, बी हवंय. आणि बी हवं तर नुसता एक नर ठेवून भागत नाही, होते तेवढे सगळे ठेवावे लागतात. एकच देखणा, उंच, लवकर फुलणारा नर ठेवला तर पुढची सगळी पिढी त्या एकाचीच लेकरं. असं दोन-तीन वेळा झालं की हातात उरतं ते माझ्या आवडीचं झाड, तातांच्या आईचं नव्हे. वाण बिघडायला संकरित बीच लागतं असं नाही, हौशी माळ्याची आवड पुरते.

प्रत्यक्षात काम कटकटीचं आहे. गांजाचा पराग वाऱ्यावर जातो, काही किलोमीटरसुद्धा. या गल्लीत आणखी कोण काय लावतंय ते वासावरून कळतंच. पराग इतका बारीक की मलमलीतून आरपार जातो, म्हणून ज्वारीच्या संशोधनात कणसाला बांधतात तशा कागदी पिशव्या केल्यात. मादीच्या निवडक फांद्या पिशवीत. सकाळी ऊन चढल्यावर नराची फांदी कागदावर झटकायची, पिवळी पूड पडते. सगळ्या नरांची पूड एकत्र करायची, रंगाच्या बारीक ब्रशने पांढऱ्या केसांवर लावायची आणि पिशवी परत बांधायची. काही दिवसांत केस तांबूस होऊन आक्रसले की समजायचं, धरलं. उरलेल्या झाडावर पाणी फवारायचं. ओला झालेला पराग निकामी होतो.

किरटं रोप मादी निघालं. त्याचीही एक फांदी बांधली.

२२ फेब्रुवारी, डर्बन

शनिवार-रविवार मैत्रिणीकडे. तिच्या मागच्या अंगणात मलावी जातीचं झाड आहे, दीड पुरुष उंच, आणि अजून फुलायचं नावसुद्धा नाही. मलावीतलं न्खोटाकोटा विषुववृत्तापासून जेमतेम १३ अंशांवर. तिथे वर्षभर दिवस बारा तासांच्या आसपास, एखाद तास इकडेतिकडे. तिथल्या झाडाला डर्बनचा चौदा तासांचा दिवस म्हणजे न संपणारी सकाळ वाटत असणार. ते मार्च उजाडल्यावर कुठे फुलेल आणि जूनपर्यंत रेंगाळेल. डर्बनला थंडी नाही म्हणून चालतं. माझ्याकडे मे महिन्यातच काळं पडलं असतं. पोंडोलँड जवळपास डर्बनच्याच अक्षांशावर, त्यामुळे तातांचं बी आमच्याकडे वेळेत उरकतं.

डर्बन पॉयझन हे गांजाच्या वाणाचं नाव जगभर पाकिटांवर विकलं जातं. पाकिटातल्या बियांचा इथल्या डोंगरउताराशी संबंध किती, ते पाकीटवाल्यालाच ठाऊक. या प्रांतातल्या झाडांना बडीशेपेसारखा वास येतो हे मात्र खरं. मैत्रिणीच्या दुसऱ्या एका झाडाला तो इतका स्पष्ट होता की जेवण झाल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी किनाऱ्यावर बसलो असताना ट्रुरो जहाजाचा विषय निघाला. १६ नोव्हेंबर १८६० ला मद्रासहून याच बंदरात पहिले गिरमिटिये उतरले. ऊस तोडायला आणलेली ही माणसं संध्याकाळी चिलीम ओढतात, म्हणून कामाला ढिली पडतात, अशी मळेवाल्यांची तक्रार. १८७० मध्ये नाताळ वसाहतीने कायदा करून त्यांना गांजा बंद केला. झुलू लोक त्याच्या कितीतरी आधीपासून ओढत होते, पण बंदी फक्त हिंदी मजुरांना. देशभर सगळ्यांना बंदी १९२० च्या दशकात आली. आणि मूळ बी तरी आलं कुठून? हिंदी महासागर ओलांडून, अरबी गलबतांच्या वाटेने, आपल्याच बाजूने. इथिओपियात चौदाव्या शतकातल्या चिलमींच्या तुकड्यांवर त्याचे अंश सापडलेत. इतक्या शतकांत ते इथल्या डोंगराचं, पावसाचं, दिवसाच्या लांबीचं होऊन गेलं. आता त्याला भारतीय म्हणणं म्हणजे कोल्हापुरातल्या मिरचीला मेक्सिकन म्हणणं.

१३ एप्रिल

बी पक्व झालंय आणि पाखरांना ते माझ्याआधी कळलं. होले खाली सांडलेलं टिपतात, सुगरणी थेट तुऱ्याला लटकून बी सोलतात. टरफलं अशी सफाईने दुभंगलेली की बघत राहावं. शेवटी घेवड्यावरची जाळी काढून इकडे टाकली.

पिशव्या सोडून फांद्या कापल्या. पिकलेल्या बियांवरचं हिरवं आवरण फाटून आतली जाळी दिसते, तुरा तळहातावर ठोकला की टपटप गळतात. ज्या पांढुरक्या आहेत त्या ठेवायच्या नाहीत, नखाने दाबल्या की चुरतात. बोटांना काळपट चिकटा बसला होता, तो साबणाने निघेना, गोडेतेलाने निघाला. वासाने डोकं जड झालं. एका झाडाला बडीशेप, दुसऱ्याला रंगवाल्याकडच्या टर्पेंटाइनचा वास, किरट्याला चक्क गाजराच्या पाल्याचा.

ताता येऊन खुर्चीवर बसले. त्यांची आई डाखा मक्यातच लावायची, उतारावर, नदीकडच्या अंगाला. वरून पोलिसांचं हेलिकॉप्टर आलं की सगळी पोरं घरात. तणनाशक फवारून जायचे, ग्लायफोसेट. त्यात मकाही जळायचा, भोपळाही. "डाखा परत उगवायचा," ते म्हणाले, "मका नाही." त्या वर्षी घरात काय शिजलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

१९ जून

सकाळी गवत पांढरं. नळाच्या तोटीतलं पाणी गोठलेलं. वाफे रिकामे.

बी महिनाभर सावलीत, वर्तमानपत्रावर वाळवलं. सुपात पाखडून कोंडा काढला. सूप इथे मिळत नाही, गेल्या खेपेला आईकडून आणलेलं. नवऱ्याने मूर्तिजापूरच्या लग्नाच्या आहेरातलं समजून ते भिंतीवर टांगलं होतं. ओल्या फडक्यात थोडं बी गुंडाळून उगवण तपासली, चांगली आहे. बाकीचं काचेच्या बरण्यांत, सोबत सिलिका जेल, वरून घट्ट झाकण, आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. बी वाळलेलं, थंड आणि अंधारात असेल तर पुष्कळ वर्षं टिकतं. आजी राखेत घोळून गाडग्यात ठेवायची, तत्त्व तेच. प्रत्येक मादीचं बी वेगळं न ठेवता समसमान मापाने मिसळलं. किरट्याचंसुद्धा.

पण या बरणीने वाण वाचला असं मला वाटत नाही, आणि हे स्पष्ट लिहिलेलं बरं. माझ्या अंगणात मावतील एवढ्या झाडांत पोंडोलँडच्या एका शेतातलीही सगळी विविधता येत नाही. दर पिढीला काहीतरी निसटणारच. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, २०२० च्या पद्मश्री, त्यांच्याकडचे वाण टिकले कारण बायका ते दरवर्षी पेरतात आणि त्या शेंगा घराघरांत शिजतात. पोंडोलँडात नेमकं तेच बंद पडतंय. २०१८ च्या निकालाने शहरातल्या माणसाला घरी लावायची मुभा मिळाली, मग त्याने गावाकडून घेणं सोडलं. त्याला आता हरितगृहातलं, दिव्याखालचं, घट्ट बोंडांचं चीज हवं. चीज हे इथलं संकरिताचं बोलीतलं नाव. उतारावरच्या बी-भरल्या डाखाचा भाव पडला. औषधी गांजाच्या परवान्याला कुंपण, पहारा, प्रयोगशाळेचे अहवाल लागतात. शेजारच्या लेसोथोने २०१७ मध्ये, आफ्रिकेत सर्वांत आधी, असे परवाने दिले. त्यातही पुढे आले ते भांडवलवाले. ज्या बायकांनी हेलिकॉप्टरांच्या दिवसांत बी राखलं, त्यांच्या आवाक्यातलं यात काही नाही. कायद्याने गुन्हा काढून घेतला, पण त्यासोबत गिऱ्हाईकही गेलं. यावर कुणी भरपाई मागितली तर मला ती रास्तच वाटेल.

तातांची भाची गावातच राहते, मका करते. तिने मक्यात चार ओळी लावायचं कबूल केलंय, पैशासाठी नाही, मामांच्या शब्दाखातर. किती वर्षं करेल कोण जाणे. सप्टेंबरात ताता जातील तेव्हा निम्मं बी त्यांच्याबरोबर, रिकॉफीच्याच डब्यात. उरलेल्या निम्म्यातलं मी वर्षाआड लावणार. मधल्या वर्षी त्या वाफ्यात घेवडा. मैत्रीण मलावीचं बी देऊ करतेय, ते मात्र घेणार नाही. इथल्या थंडीत त्याचे नुसते हाल.