पायाचं ‘बनियन’ आणि ऑपरेशनशिवायचं दीड वर्ष

गौरी यायच्या आदल्या दिवशी उजव्या पायातलं जोडवं निघेना. साबण झाला, खोबरेल झालं, बोट लालबुंद झालं. शेवटी सासूबाईंनी बोटाला दोऱ्याचे घट्ट वेढे घातले आणि त्यावरून सरकवत ते काढलं. मग पाय मांडीवर तसाच धरून म्हणाल्या, “अगं, तुझा अंगठा शेजारच्या बोटावर चढायला लागलाय की.”

दुखत तीन-चार वर्षं होतंच. अंगठ्याच्या बुडाशी, पायाच्या आतल्या कडेला, सुपारीएवढी गाठ. मी सांगलीत शाळेवर आहे, आठवी ते दहावी गणित. दिवसाला सहा तास उभ्यानं. शाळा सुटेपर्यंत ती गाठ गरम लागायची, आणि घरी आल्यावर सॅन्डल काढायची ती एखाद्या जखमेवरची पट्टी काढावी तशी. आमच्याकडे याला ‘हाड वाढलंय’ म्हणतात. आईचे दोन्ही पाय असेच आहेत. तिनं जन्मात उंच टाचेची चप्पल घातली नाही, तरी. त्यामुळे हे वयाबरोबर येतंच असं मी धरून चालले होते.

पहिला उपाय मेडिकलच्या दुकानातला. काउंटरवरच्या मुलानं वरून पाहिलं, “कुरूप आहे मॅडम,” म्हणाला आणि गोल पट्ट्यांचं पाकीट दिलं. तिसऱ्या दिवशी गाठीवरची कातडी पांढरी पडून सोलली. त्या पट्टीतलं औषध घट्ट झालेली कातडी विरघळवतं. माझ्या गाठीत घट्ट कातडी नव्हतीच, पातळ कातडीखाली थेट हाड होतं. आठ दिवस बोटाला कापूस बांधून शाळेत गेले. मग फॅमिली डॉक्टरांनी युरिक अ‍ॅसिड तपासायला लावलं, कारण त्याचं दुखणंही बऱ्याचदा याच सांध्यात सुरू होतं. ते 4.8, म्हणजे नॉर्मल निघालं, तेव्हा तेही नसावं. चिठ्ठी घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे.

त्यांनी एक्स-रे उभं राहून काढायला सांगितला. अंगाचा भार पायावर आल्याशिवाय हाड किती फाकलंय ते खरं दिसत नाही. फिल्म उजेडाला धरून ते म्हणाले, “बनियन.” नवरा माझ्याकडे बघायला लागला, त्याच्या डोळ्यांसमोर गंजीफ्रॉकच आला असणार. मग डॉक्टरांनी पेन्सिलीनं दोन रेषा ओढल्या. एक अंगठ्याच्या हाडातून, एक त्याच्या मागच्या लांब हाडातून. नववीला मी फळ्यावर रोज काढते तसला कोन. पंधरा अंशांपर्यंत चालतो, वीसच्या आत सौम्य, वीस ते चाळीस मध्यम, त्यापुढे जास्त. माझा उजवा 24, डावा 17. (घरी येऊन मी कोनमापक लावून पाहिला. 24च होता.)

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला तेव्हा पटकन पचली नाही: हाड मुळी वाढलेलंच नाही. मागचं लांब हाड आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडे, सरकतं. अंगठा उलट्या दिशेला, बोटांकडे वळतो. दोन्ही मिळून कोपर वाकवल्यासारखं टोक बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं गाठ आली. चप्पल त्या टोकावर घासते, कातडीखालची पिशवी सुजते, आणि दुखतं ते बरंचसं हे. पायाची ठेवण बहुतेक आईबापांकडून येते, अरुंद चपला तिला पुढे ढकलतात.

“ऑपरेशन करून टाकू का?” मी विचारलं. उन्हाळ्याची सुट्टी डोक्यात होती.

“रुंद चपला घालून बघितल्यात?”

“नाही.”

“मग आधी ते करा. दिसायला वाईट म्हणून मी हाड कापत नाही.” हाड कापून सरळ करायचं, स्क्रू बसवायचे, काही आठवडे वेगळा बूट, सूज उतरायला महिने. चपला बदलूनही रोजचं चालणं अडत असेल किंवा दुसरं बोट उचललं जात असेल, तर या म्हणाले. आणि हेही स्पष्ट सांगितलं, की मोठ्या माणसाचं हाड पट्ट्यांनी आणि व्यायामानं जागेवर येत नाही. कमी करायचं ते दुखणं.

हे ऐकूनसुद्धा मी रात्री बांधायचा पट्टा मागवलाच. सहाशे रुपये. जाहिरातीत वाकडा पाय आणि शेजारी सरळ पाय, कोण भुलणार नाही? पहाटे तीनला झोपेतच तो ओढून फेकलेला असायचा. ज्या दिवशी सकाळपर्यंत टिकला त्या दिवशी अंगठा छान सरळ दिसला, आणि चहा होईपर्यंत मूळ जागी गेला. अंगठा आणि बोटाच्या मधे घालायचा सिलिकॉनचा तुकडा मात्र उपयोगाचा निघाला, पण आधी त्यातही मी घोळ घातला. तो शाळेच्या त्याच अरुंद सॅन्डलमधे घालून गेले. आधीच दाटीवाटी, त्यात आणखी एक पाहुणा. चौथ्या तासाला खुर्चीवर बसून शिकवलं. जागा रुंद झाल्याशिवाय मधे काही घालण्यात अर्थ नाही, हे अठ्ठावीस वर्षं क्षेत्रफळ शिकवणाऱ्या बाईला कळायला हवं होतं.

फरक पडला तो वर्तमानपत्रानं. फिजिओथेरपिस्ट मुलीनं सांगितलं, संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, कागदावर दोन्ही पायांवर भार देऊन उभ्या राहा आणि कुणाला तरी पेन्सिल फिरवायला सांगा. लेकीनं फिरवली. मग त्या आकृतीवर मी माझ्या सॅन्डल ठेवल्या. चवड्याच्या दोन्ही बाजूंना पायाची रेघ सॅन्डलच्या बाहेर, आतल्या बाजूला तर पुरतं बोटभर. म्हणजे रोज सहा तास मी एवढा पाय एवढ्या चपलेत कोंबत होते. घरातल्या सगळ्या चपला एकेक करून त्या कागदावर ठेवल्या. नऊ जोडांपैकी दोन पास झाले, त्यातला एक बाथरूमचा.

ती आकृती कापून पर्समधे घातली आणि दुकानांत हिंडले. आपल्याकडे दुकानात नंबर विचारतात, म्हणजे लांबी. रुंदी कुणी विचारत नाही. बायकांच्या बुटांची टोकं निमुळती, त्यामुळे एक नंबर मोठा घेतला तर टाच निसटते आणि चवडा दाटतोच. तिसऱ्या दुकानात कागद घेऊन मी सरळ पुरुषांच्या कपाटाकडे गेले. तिथले कापडी वरच्या बाजूचे चालायचे बूट, पुढून गोल, बोटांच्या पुढे अंगठ्याएवढी जागा. साडीवर करडे पुरुषी बूट. स्टाफरूममधे दोन दिवस थट्टा झाली, तिसऱ्या दिवशी इंग्रजीच्या बाईंनी हळूच दुकानाचं नाव विचारलं.

कोल्हापुरी सोडवत नव्हती. चपलेचा पट्टा नेमका गाठीवर येत होता. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या काकांनी चामडं ओलं करून लाकडी कलबुतावर, म्हणजे पायाच्या साच्यावर, दोन दिवस ताणून ठेवलं आणि गाठीच्या जागी आतून थोडं तासलं. चाळीस रुपये. ती आता लग्नकार्यापुरती. पातळ, कडक तळ दिवसभर पायाखाली नको.

व्यायामाबद्दल लिहायचं तर पहिले पंधरा दिवस मी नुसती पायाकडे बघत बसले. अंगठा एकटा, बाकीच्या बोटांपासून लांब, बाहेर सरकवायचा. डोक्यातून हुकूम जात होता, खाली कुणी ऐकत नव्हतं. पाचही बोटं वर उठायची, भुवया उठायच्या, अंगठा ढिम्म. मग हातानं बाजूला धरायचा आणि तिथे रोखायचा प्रयत्न करायचा, असं रोज. दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी, वह्या तपासताना टेबलाखाली, तो तांदळाच्या दाण्याएवढा हलला. मी लेकीला हाक मारून दाखवायला गेले तर परत ढिम्म.

दुसरा व्यायाम बोटं न मुडपता तळपायाची कमान उचलायची, जणू चवडा टाचेकडे ओढतोय. तिसरा दोन्ही अंगठ्यांत मिळून एक रुंद रबर अडकवून पाय अलगद फाकवायचे. चौथा भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची; पोटरी आखडली की चवड्यावर भार वाढतो. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. स्नेहसंमेलन किंवा बोर्डाच्या पर्यवेक्षणासारख्या दिवशी रात्री पातळ फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं. माझ्या भावाला शुगर आहे, त्याचीही गाठ अशीच, पण त्याला फिजिओनं बर्फ आणि स्वतःच्या मनानं घातलेले तुकडे-पट्टे दोन्ही मना केले. त्याच्या पायाला घासलेलं कळत नाही, जखम झाली तरी संध्याकाळीच दिसते.

वर्षानं पुन्हा एक्स-रे काढला. उजवा 25. माझा चेहरा बघून डॉक्टर हसले. एकदोन अंश रेघ ओढणाऱ्याच्या हातानं इकडे-तिकडे होतात म्हणाले. म्हणजे सरळ काही झालं नाही. गाठ आहे तिथे आहे. पण या डिसेंबरात मुलांबरोबर पन्हाळ्याला सहल होती, दिवसभर तटावरून फिरले आणि बसमधे बसल्यावर आठवलं, की आज पायाचा विचारच आला नव्हता. परतताना सहावीतल्या एका मुलाला उलटी झाली, त्या गडबडीत तो आनंदही विसरले.

जोडवी सोनारानं पातळ, उघड्या वेढ्याची करून दिली. सणापुरती घालते, रात्री काढते. दर दिवाळीला पुन्हा वर्तमानपत्रावर उभी राहते आणि जुन्या आकृतीवर नवी ठेवून उजेडाला धरते. उजवीकडच्या रेघा एकावर एक बसतात. डावीकडची या वर्षी दोराभर बाहेर दिसली. लेक म्हणते पेन्सिल बोथट होती. जानेवारीत टोक करून पुन्हा काढणार आहे.